अर्ध्या किमतीचा लॅपटॉप

"तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसवूही नका," असं म्हणत कालेर्वोने तापलेल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं.

वाफ चर्र करून छताला भिडली. इमारतीच्या तळघरातल्या सॉनात शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ पुरुषांची. वरच्या फळीवर तिघे म्हातारे उघडेबंब बसले होते: गप्पा रंगवणारा कालेर्वो, त्याला टोचणारा रेयो आणि तळमजल्यावरचा इल्पो, जो सहसा तोंड उघडत नसे.

"सांग. आज केवढा मासा?" रेयो म्हणाला.

"मासा नाही, चोर. वेन्लाला लॅपटॉप हवा होता ना."

वेन्ला त्याची नात. तिची बारावीची परीक्षा मंगळवारपासून, आणि ती ज्याने त्याने आपापल्या लॅपटॉपवर द्यायची. तिचा जुना बंद पडला होता. नवा आजोबांनी कबूल केला होता.

"नेटवर एकाने नवाकोरा अर्ध्या किमतीत काढला होता. मी ओळखलं, इथे पाणी मुरतंय."

"घाई करत होता? पैसे थेट खात्यात टाका म्हणाला?" रेयोने बोटं मोजली. "माझ्या पोरीने पाठ करून घेतलंय माझ्याकडून. एवढं दिसलं की पळायचं."

"दोन्ही केलं. वर म्हणतो, मीही लष्करात तुमच्याच छावणीतला, तिसऱ्या तुकडीतला. म्हटलं, असं? मग सांग बघू, आपल्या आचाऱ्याला काय नावाने हाक मारायचे?"

"मग?"

"दातखीळ बसली."

हा प्रश्न कालेर्वोला सुचला होता खरा, पण घरी आलेलं पार्सलचं खोकं उघडल्यावर. त्याआधी 'तिसरी तुकडी' एवढं वाचूनच त्याने पैसे पाठवून दिले होते. उणे तीस अंशांत ज्याच्या पाठीला पाठ लावून एका तंबूत झोपायचं, त्याच्याकडे पुरावा मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकायचं. तुकडीचा जुना फोटो आपणच नेटवरच्या आपल्या पानावर लावलाय, तो कुणालाही दिसतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन फरशा निघाल्या. "चुकून दुसरंच आलं. शुक्रवारी खरा येईल," तो नातीला म्हणाला होता. तिने मान हलवली होती.

शुक्रवार काल होऊन गेला.

"लगेच बस पकडली," कालेर्वो सांगत होता, "आणि गाठलं त्याचं घर. दारात सहा फुटी गडी. त्याला तसाच मोज्यांवर बर्फात सावधान उभा केला. तासभर कवायत घेतली. शेवटी रडला. लॅपटॉप दिला, आईच्या हातचा मासे भरलेला पाव दिला, आणि बसथांब्यापर्यंत माझी पिशवी घेऊन आला."

रेयो मांडीवर थाप मारून हसला. "पाव उरलाय का रे थोडा?"

"पाव संपला. लॅपटॉप काल वेन्लाला दिला. नुसता पळतोय."

इल्पोने तोंडावरचा घाम पुसला.

"खोटं बोलतोयस, कालेर्वो. वेन्ला काल संध्याकाळी माझ्याकडे आली होती. माझा लॅपटॉप मागायला, परीक्षेपुरता."

रेयोचं हसू थांबलं. कालेर्वोने डाव पाण्यात बुडवला, पण वर काढला नाही.

"म्हणाली, आजोबांनी दिलाय, पण इतका भारी आहे की शाळेत न्यायला भीती वाटते." इल्पो फळीवरून उतरला आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबला. "तुझ्यावरच गेलीय पोरगी. फक्त तुझ्यासारखं हसत हसत सांगायला तिला अजून जमत नाही."