धाकटीची तलंग

"आई, लवकर उरकून घेऊ. ऊन वर आलं की माश्या सुचू देत नाहीत," मोठी सून म्हणाली आणि तिने स्वतःच सुरी सासूच्या हाताशी आणून ठेवली.

सुट्टीचा दिवस होता. धाकटी सून घरी होती, आणि मोठीच्या घाईचं खरं कारण तेच होतं. धाकटीची कोंबडी अंडं घालायची ती परसात ऊन आल्यावर. एरवी त्या वेळी धाकटी शिवणाच्या कारखान्यात असायची. आज कोंबडी तिच्या डोळ्यांदेखत घालणार होती.

ती घालते हे मोठीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूने दोन तलंगा आणल्या होत्या, कोवळ्या कोंबड्या, अंड्यावर यायला आलेल्या, अगदी सारख्या. दोघी सुनांना एकेक वाटून दिली आणि म्हणाली, बघू कुणाच्या हाताला गुण आहे ते. जी कोंबडी नुसतीच खाईल ती सुट्टीच्या दिवशी पातेल्यात जाईल, हेही तेव्हाच सांगून टाकलं. सासू गुडघ्यांनी अधू, परसाच्या पायऱ्या उतरणं तिला जमत नसे. सून हातावर आणून ठेवील ते अंडं खरं, असा हिशेब.

धाकटीने आपली तलंग पहिले काही दिवस खुराड्याबाहेर काढलीच नाही. आधी जागा तिला आपली वाटू दे, म्हणाली. अंधाऱ्या कोपऱ्यात एक खोकं आडवं ठेवलं, त्यात पेंढा पसरला आणि पेंढ्यात एक पांढरा गोटा ठेवला, म्हणजे अंडं घालायचं ते इथं, हे कोंबडीला कळावं. शिंपले कुटून खाऊ घातले. मग तिला तिच्या मनावर सोडून दिलं. मोठीला कुठला एवढा धीर! ती दिवसातून दहादा आपल्या कोंबडीला उचलायची, पोट चाचपायची, खोकं आज या भिंतीला तर उद्या त्या. बिचारी कोंबडी माणसाची चाहूल लागली की भिंतीला चिकटायची. धाकटीच्या तलंगेचा तुरा अंड्यावर आलेल्या कोंबडीसारखा लालभडक झाला. मोठीच्या कोंबडीचा फिकट तो फिकटच राहिला.

मग एके दिवशी धाकटीच्या खोक्यात गोट्याला लागून अंडं दिसलं. लहानसं, अजून ऊन होतं. मोठीने ते उचललं, घरात नेलं आणि माझीनं घातलं म्हणून सासूच्या हातावर ठेवलं. सासू म्हणाली, "शहाणी गं माझी." या घरात आल्यापासून तिच्या वाट्याला हा शब्द पहिल्यांदाच आला होता. त्याची तिला चटक लागली. पुढे मग रोजचंच झालं.

धाकटी संध्याकाळी येऊन पेंढा चाचपायची. पेंढ्यात बसल्याचा खळगा असायचा आणि खळग्यात नुसता गोटा. घालेल हो, पाठीवर हात ठेवला की अंग चोरून बसते, म्हणजे आलीच आहे अंड्यावर, असं ती सासूला सांगायची. ऐतखाऊ आहे मेली, असं मोठी म्हणायची. पहिल्या दिवशी म्हणताना जीभ जरा अडखळली. नंतर सरावली.

आजही धाकटीने विनवून पाहिलं. निदान दुपारपर्यंत थांबा म्हणाली. एका घरात दोन कायदे नसतात, असं म्हणून सासूने मागच्या दारातच पाट मांडला. धाकटीने हाक मारली तशी तलंग आपणहून आली. धाकटीने तिच्या पाठीवर हात ठेवला. ती सवयीने पंख किंचित पसरून खाली बसली, आणि सासूला ती धरून आणायचे कष्टसुद्धा पडले नाहीत.

जिची कोंबडी तिनेच साफ करायची, हाही कायदाच. सासू आत गेली. धाकटी परसातल्या नळाखाली बसली. मोठी पायरीवर उभी राहिली. तिच्या जिवात जीव आला होता, पण पाय काही तिथून हलेनात.

पिसं निघाली. पोट उघडलं आणि धाकटीचा हात थांबला. आत पिवळे बलक ओळीने होते, सुपारीएवढे, वाटाण्याएवढे, मोहरीएवढे. कितीतरी दिवस पुरले असते. आणि खाली, वाटेला लागलेलं, कवच धरलेलं एक सबंध अंडं.

धाकटी त्या अंड्याकडे बघत राहिली. मग खोक्यातल्या खळग्याकडे. मग भिंतीला चिकटलेल्या, फिकट तुऱ्याच्या त्या दुसऱ्या कोंबडीकडे. ती रडेल असं मोठीला वाटलं. रडली असती तर बरं झालं असतं. धाकटीने अंडं नळाखाली धरून स्वच्छ धुतलं, फडक्याने पुसलं, पायरीपाशी आली आणि मोठीच्या हातावर ठेवलं.

"ताई, आजचं न्यायचं राहिलं तुमचं."

अंडं रोजच्यासारखंच ऊन होतं.

"मोठे, तुझ्या कोंबडीचं आलं का गं आजचं?" सासूने आतून विचारलं.

"आलं, आई," मोठी कशीबशी म्हणाली.

तरी मी म्हणतच होते, हाताला गुण लागतो, असं सासूने आतून ऐकवलं. मग धाकटीला बजावलं, की सुरी धुऊन, कोरडी करून फडताळात ठेव, बाहेर गंजते.

धाकटीने सुरी धुतली. पातं दोन्ही बाजूंनी सावकाश पुसलं आणि भिंतीशी बसलेल्या कोंबडीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"राहू दे बाहेरच, आई," ती म्हणाली. "आता लागेलच."