करवतीत जातं ते

सुनेला जुळं झालं त्या वर्षी सुताराने मागची खोली रिकामी करायला घेतली. हत्यारं पेटीत मावली. कामाचं बाकडं कुठे मावणार? साडेसहा फूट लांब, आणि दोघांनी उचललं तरी तिसऱ्याला हाक मारावी लागे असं जड. सुनेने फोटो काढून तो जुन्या वस्तू विकायच्या साइटवर टाकला आणि सासऱ्याला विचारून भाव लिहिला, आठ हजार.

"आठ म्हणजे आठ," सुतार म्हणाला होता. "घासाघीस नको. त्यांची नको नि आपलीही नको."

पाचव्या दिवशी खुर्च्या दुरुस्त करणारी एक बाई टेम्पो घेऊन दारात आली. तिने बाकड्याच्या चारी पायांना धक्का देऊन पाहिला, लाकूड आवळायचा शिकंजा फिरवला, वाकून खालचे सांधे बघितले. कुठे एक खिळा सापडला नाही. "हं," एवढंच म्हणाली आणि पैसे भरायला फोन काढला. मग तिथेच थबकली.

"इथे आठ हजार दोनशे चाळीस मागतंय."

"ती साइटची फी," सून म्हणाली. एक बाळ तिच्या खांद्यावर होतं, दुसरं आत रडत होतं. "माल हाती पडेपर्यंत पैसे ते सांभाळतात, त्याचे शेकडा तीन. फी कुणी भरायची ते आधीच विचारतात. मी 'घेणाऱ्याने'वर बोट ठेवलं. सगळे तसंच करतात."

बाईने बाहेरच्या टेम्पोकडे पाहिलं. खात्यात आठ हजार आणि टेम्पोचं भाडं, एवढंच होतं.

"भरते. टेम्पो परत पाठवते. बाकडं हातगाडीवर नेईन."

"हातगाडीवर?" टेम्पोवाला दारातून म्हणाला. "वाटेतला पूल चढून? बाई, हातगाडी तुम्हालाच घेऊन खाली येईल."

सुतार इतका वेळ भिंतीशी उभा होता. तो पुढे झाला.

"सूनबाई, आपण भाव काय सांगितला?"

"आठ."

"मग हे दोनशे चाळीस कुठून उगवले?"

"ते आपल्याला मिळत नाहीत, बाबा. मधल्यामध्ये जातात."

"करवतीतही मधल्यामध्येच जातं. गिऱ्हाइकाने दोन फूट फळी मागितली तर त्याच्या हातात दोन फूट पडायला हवी. करवतीत जातं ते सुताराचं."

"भुसा निदान चुलीत तरी घालता येतो!" सून फणकारली. दोनशे चाळीस म्हणजे जुळ्यांचं आठवड्याचं दूध. ते तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. "हे काय कंपनीच्या घशात घालायचे?"

"सूनबाईंचं खरं आहे, मिस्त्री," बाई म्हणाली. "ही फी कशाची? पैसे भरले आणि माल मिळाला नाही तर पैसे परत यावेत म्हणून. धास्ती माझी, तर तिचा खर्चही माझाच."

"धास्ती कुणाची वाटते?"

"म्हणजे..." बाई अडखळली. "समोरच्याची."

"समोरचा मीच ना? माझ्यावर भरवसा बसत नाही, आणि त्याचे पैसे तुम्ही भरायचे?"

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं. या घरात येऊन तिला सहा वर्षं झाली होती. सासरा हट्टी आहे हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तो हट्ट कुणीकडे तोंड करून उभा असतो, ते आज दिसलं.

"धरा जरा," ती म्हणाली आणि बाळ सासऱ्याच्या हातात देऊन स्वतःचा फोन घेऊन बसली. फी कुणी भरायची ते आता बदलता येईना. भाव तेवढा उतरवता येत होता.

"दोनशे चाळीस छाट," सुतार म्हणाला.

तिने छाटले. बाईने पैसे भरले आणि आकडा वाचला, "सात हजार नऊशे त्र्याण्णव."

सुताराच्या कपाळाला आठी पडली. "सात कमी?"

सुनेच्या लक्षात आलं आणि तिला हसू फुटलं. "भाव उतरला तशी फीही उतरली, बाबा. जन्मभर दोनदा मापून एकदा कापलंत, आज न मापताच कापलंत!"

"म्हातारपण," सुतार म्हणाला, आणि तोही हसला.

बाईने पिशवीतून सात सुटे काढून खिडकीत ठेवले. सून नको म्हणायला गेली, तोवर सुताराने ते मोजून खिशात टाकले.

"नको कसं? आठ म्हणजे आठ."

चौघांनी मिळून बाकडं टेम्पोत चढवलं. टेम्पोवाल्याला धाप लागली. "मिस्त्री, आत दगड भरलेत का?"

"लाकूडच आहे. हल्ली बघायला मिळत नाही, म्हणून ओळखलं नाहीस."

महिन्याभराने साइटने बाईला विकणाऱ्याविषयी दोन शब्द लिहायला सांगितले. तिने लिहिलेलं सुनेने फोनवर वाचून दाखवलं, "बाकडं सांगितलं तसं. माणूस गुण्यात."

"गुण्यात म्हणजे काय हो, बाबा?"

"काटकोनाचा गुण्या लावून बघितलं की कोपरा सरळ भरतो, फट राहत नाही. बाकड्याबद्दल लिहिलं असेल."

"बाकड्याबद्दल आधी लिहिलंय."

दुसरं बाळ जागं झालं होतं, त्याला घ्यायला सुतार उठला.

सुतार पुढच्या वर्षी, थंडी सरता सरता, एका गुरुवारी दुपारी वारला.