जड उचलायचं नाही

लाँड्रीवाल्या सासूबाईंनी नऊ महिने सुनेला इस्त्रीला हात लावू दिला नव्हता. पहिल्या खेपेला ती शेवटच्या दिवसापर्यंत उभ्याने इस्त्री करत राहिली, गिऱ्हाइकांच्या घाईत जेवण विसरली, अंगात रक्त उरलं नाही आणि लेक जन्मली ती जेमतेम पावणेदोन किलोची. थोरली नात काचेच्या पेटीतून सुखरूप घरी आली, पण सासूबाईंनी कानाला खडा लावला. यंदा त्या सुनेला आधी वाढायच्या आणि तिने बादली जरी धरली तरी खेकसायच्या, "ठेव खाली! जड उचलायचं नाही!" आज नर्सने धाकट्या नातीला काट्यावर ठेवलं. "सव्वातीन किलो!" सासूबाईंचा विश्वासच बसेना. इस्त्री उचलणाऱ्या हातांनी त्यांनी तिला तोलून पाहिलं. "अगं बाई, हात भरून आला की!" खो-खो हसत त्यांनी बाळाला सुनेच्या कुशीत दिलं. "घे, हे जड आता खुशाल उचल!"