दुसरी चिंधी

लंडनहून प्लेग आमच्या खेड्यात आला आणि विणकराच्या दारावर लाल फुली उमटली. फुली मारायला सगळे पुढं होते, नंतर तिकडं कुणी फिरकलं नाही. दोन दिवस त्या घराच्या धुराड्यातून धूर निघाला नव्हता. मग गावचा पहारेकरी राल्फ दार कायमचं ठोकून टाकायला हातोडी घेऊन आला. इतक्यात त्याची लेक अ‍ॅनिस मागच्या परसातून धावत आली.

"बाबा, ठोकू नका. आत कुणीतरी आहे."

"विणकर, त्याची बायको, लेक, तिघंही गेली असणार, पोरी. लांब हो."

"मग मधमाश्यांना कुणी सांगितलं?"

राल्फचा हात थांबला. घरातलं माणूस गेलं की घरच्यानंच परसातल्या पोळ्याच्या टोपलीवर टकटक करून माश्यांना सांगायचं आणि टोपलीला काळी चिंधी बांधायची, ही आमच्याकडची रीत. नाही सांगितलं तर माश्या घर सोडून जातात.

"विणकरकाका गेले तेव्हा काकूंनी चिंधी बांधली, ते मी कुंपणावरून पाहिलं होतं," अ‍ॅनिस म्हणाली. "आज तिथं दुसरी आहे. पार खाली, माझा हात पोचेल तिथं. आणि ती काळी नाही बाबा, निळी आहे. टॅमसिनच्या वेणीची फीत आहे ती."

राल्फनं हातोडी खाली ठेवली. दाराला तोंड लावून तो हळूच म्हणाला, "टॅमसिन, बाळ, आई गेली तर कुणाला सांगायचं नाही का?"

आतून बारीक आवाज आला, "माश्यांना सांगितलं ना. माणसं कुणी आलीच नाहीत."