पूल पहाटे येतो

नवऱ्याने मला आजवर पाठीवर वळ दिले, मनगटाला प्लास्टर दिलं. रेल्वेचं तिकीट मात्र परवा पहिल्यांदाच दिलं. "लांब कुठेतरी जाऊ, दोघंच. झालं गेलं विसरून जा," म्हणाला. आम्ही दोघंही जन्मात कधी रेल्वेत बसलो नव्हतो, म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या गार्डकाकांना गाठलं. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नाही, त्यामुळे स्वारी एकदम खुलली. सामान कमी घ्या, पाणी हाताशी ठेवा, सगळं सांगून झालं. मग मी मला हवं ते विचारलं.

"काका, गाडी धावत असताना डब्याचं दार उघडतं?"

"कडी काढली की उघडतं. पण दारात उभं राहायचं नाही हं."

"आणि वाटेत नदीवरचा मोठा पूल लागतो म्हणे, तो कधी येतो?"

"पहाटे येतो. सगळा डबा घोरत असतो तेव्हा."

"समजा, तिथे कोणी पडलंच तर?"

"साखळी ओढेपर्यंत गाडी कुठच्या कुठे पोचलेली असते, पोरी."

मी प्लास्टरचा हात जरा तोलून पाहिला. चांगला जड होता. एका धक्क्याला पुरला असता.

काका हसले. "अगं, एवढी घाबरतेस काय? देवमाणूस मिळालाय तुला. तिकिटं काढायच्या आधी माझ्याकडे येऊन बसला होता. दार, पूल, कोणी पडलं तर... तुझी काळजी किती बघ, अगदी हेच सगळं विचारून गेला."