पांढरा फुटवा

किसाबुरो म्हाताऱ्याला वासावरून कळलं. देवदारांच्या सावलीतल्या वाफ्यात गिबोशीची फुलं संध्याकाळी उमलतात आणि अंगण घमघमतं. आज वास घरामागून येत होता. तिथे त्याने काही लावलं नव्हतं.

सुनेच्या खोलीच्या भिंतीला लागून गिबोशीचं एक रोप उभं होतं. पानं रुंद, शिरांसकट पांढरी. हिरवा ठिपकासुद्धा नाही. वर लांब देठाचं फूल.

वाफ्यातल्या पानांना पांढरी किनार असते. तिच्यासाठीच लोक रोपं मागून नेतात. कधी एखादा फुटवा अख्खा पांढरा निघतो. बागवान त्याला भूत म्हणतात आणि दिसताच खुडतात. भुताला स्वतःचं अन्न करता येत नाही. ते आईवर, म्हणजे मूळ रोपावर जगतं, आईला खंगवतं. एप्रिलमध्ये असाच एक फुटवा त्याने सुनेला खुडायला सांगितला होता.

“इत्सुयो!”

सून मागच्या दाराशी आली, चौकट धरून उभी राहिली. जूनपासून ती वाळत चालली होती. शहरातल्या डॉक्टरला काही सापडलं नव्हतं.

“खुडला म्हणाली होतीस ना?”

“मुळासकट काढला. इथे लावला. जीव होता त्यात, मामंजी.”

“आईपासून तोडलेलं भूत महिनाभरही टिकत नाही. चाळीस वर्षं हेच करतोय मी.”

“ते तुम्हाला ठाऊक. त्याला कुणी सांगितलंय?”

“तोंड बरं चालतंय. जेवलीस का?”

“भूक नाही.”

“मग हे कुणाच्या जिवावर फुललं?”

ती वळली. आत गेली. चटईवर आडवी झाल्याचा आवाज त्याला ऐकू आला.

त्याने खुरप्याने माती सारली. मूळ एकच होतं, बोटाएवढं जाड. वाफ्याकडे नव्हे, घराखाली गेलेलं. जमीन आणि लाकडी तळ यांच्यात हातभर पोकळी होती. तो पोटावर पडून आत बघू लागला. मूळ सरळ गेलं होतं, मग वर वळून फळ्यांच्या फटीत शिरलं होतं. त्या फळ्यांवर इत्सुयोचं अंथरूण होतं.

आता जेवेल पोरगी, तो स्वतःशी म्हणाला. त्याने खुरप्याची धार मुळावर टेकवली आणि किंचित दाबली.

“हळू, मामंजी,” वरून आवाज आला. “दुखतंय.”