रिकामं जातं

रिक्षातला आवाज पकडायला मिस्त्री, नवरा आणि दीर पुन्हा मागे बसले. सुगंधानं रिक्षा गल्लीतून फिरवली, पण गाडी मुकीच. ती एकटी असताना मात्र मागून मध्येच ‘खट्ट’ वाजायचं.

“तुझ्याच डोक्यात वाजतंय,” नवरा म्हणाला. “उद्या विकू ही जुनी गाडी.” हौसेनं घेतलेल्या रिक्षाकडे बघून सुगंधाचे डोळे भरले.

ओट्यावरून सासू गरजली, “आधी उतरा की रे सगळे! दाणा असला की जातं गातं, रिकामं जातं खडखडतं.”

सुगंधा एकटीच निघाली. खड्ड्यात चाक गेलं आणि साऱ्या गल्लीनं ऐकलं, खट्ट! मिस्त्री मागच्या चाकाशी आडवा झाला. सैल बोल्ट सापडला, आवळला.

सुगंधा सासूकडे बघतच राहिली.

“बघतेस काय? देवळात सोड मला,” म्हणत सासू मागे ऐसपैस बसली. “पडला दाणा जात्यात. आता गाऊ दे.”